चौतीस झाले, दोन राहिले

दिग्या,

वाद अजून संपलेला नाही. तू नाहीस म्हणून आम्ही गप्प बसू असं तुला वाटलं असेल, तर तू आपल्या मंडळींना ओळखलंच नाहीस. तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी दादरला, फुलबाजाराच्या मागच्या आपल्या हॉटेलात आम्ही तिघं जमलो. केतकी, साटम आणि मी. तुझ्या खुर्चीवर साटमने आपली पिशवी ठेवली, म्हणजे कोणी परका येऊन बसायला नको. मग केतकी म्हणाली, "काका, तो कॅमेरा परत आउट ऑफ स्टॉक झालाय," आणि झालं सुरू.

तोच कॅमेरा. तळहातात मावेल एवढा, वर चंदेरी, खाली काळं रेक्झिन. आतून सगळा डिजिटल आणि बाहेरून आपल्या लग्नातल्या फोटोवाल्याच्या गळ्यात असायचा तसला. प्रत्येक फोटोआधी अंगठ्याने ओढायचा लिव्हर, ज्याला आत ओढायला काहीच नाही. आणि तो रोल मोड! एकदा लावला की मागचा पडदा बंद. छत्तीस फोटो पुरे होईपर्यंत एकही दिसणार नाही. वरच्या इवल्याशा खिडकीत नुसता आकडा पुढे सरकणार.

केतकीने मोबाइलवर त्याचा पहिला व्हिडिओ दाखवला, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. ती तिशीची पोरगी, दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरवर डिझाइन करणारी, तिला त्या कॅमेऱ्याचं भारी कौतुक. "काका, फील बघा ना यार. लोक फोनला कंटाळलेत." मी म्हटलं, "वरून कीर्तन, आतून तमाशा. नुसती हवा केलीय हवा." साटम परळला कॅमेरे दुरुस्त करतो, त्याची चिंता वेगळीच. "लिव्हराक आत काय जोडलेलाच नाय, मग मोडलो तर मी दुरुस्त काय करू?" सगळे हसलो. तू हसला नाहीस. तू केतकीच्या हातातला मोबाइल घेतलास आणि तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघितलास.

"नंद्या, वाट बघायला मिळते रे," तू म्हणालास. "काउंटरवर लोक कसे उभे राहायचे, आठवतं ना? पाकीट हातात घ्यायचे आणि उघडायचेच नाहीत. बाहेर जाऊन उघडायचे. तो जो टायमिंग होता ना मधला, तो गेला सगळा."

तू हे बोलायला हक्कदार होतास. दादरच्या त्या लॅबमध्ये तू किती वर्षं लोकांचे रोल धुतलेस. लोक तेव्हा ‘रोल धुवायला टाकलाय’ असंच म्हणायचे, कपडे टाकल्यासारखं. आपली ओळखही तिथलीच. मी बँकेतून सुटून यायचो, रोल द्यायचो, दोन दिवसांनी न्यायला यायचो. म्हणजे माझे फोटो माझ्याआधी तू बघायचास. पहिल्यांदा तू मला काही बोललास ते असं: "साहेब, सातव्यात हात हललाय, पण सातवाच चांगलाय." मला राग आला होता. घरी जाऊन बघितलं, तर सातवाच चांगला होता. पुढे साहेबचा नंदू झाला, नंदूचा नंद्या झाला. लॅब बंद पडली, तू झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोच्या दुकानात जाऊन बसलास, तरी मी नवीन काही काढलं की आधी तुला दाखवत होतो. बायको असून माधुरीनेही पाहिले नाहीत एवढे माझे फसलेले फोटो तू पाहिलेत.

म्हणूनच मी जे बोललो ते मला आठवायला नको वाटतं. पण लिहायला बसलोय तर लिहितो.

तू तो कॅमेरा घेतलास. आम्हाला कोणाला न सांगता घेतलास, आणि एका रविवारी खिशातून रुमाल काढून टेबलावर अंथरलास आणि त्यावर ठेवलास. साठीला आलेला माणूस, आणि तोंडावर दहावी पास झाल्यासारखा आनंद. केतकी तर किंचाळलीच. तू तो आधी माझ्या हातात दिलास. मी उलटासुलटा करून तुला परत दिला, पाव चावत दोन मिनिटं त्याच्या छोट्या सेन्सरवर प्रवचन दिलं, अंधारात ह्याला काही दिसणार नाही म्हणून सांगितलं, खेळणं आहे म्हणून सांगितलं. तू म्हणालास, "एकदा डोळ्याला लावून तरी बघ." मी बघितलं नाही. मी म्हटलं, "लोकांचे रोल धुतले म्हणून कोणी फोटोग्राफर होत नाही, दिग्या."

"नंदू, ह्या जरा जास्त झाला," साटम म्हणाला. केतकी ताटलीकडे बघत बसली. तू कॅमेरा रुमालात गुंडाळलास, खिशात टाकलास आणि "निघतो, काम आहे" म्हणून गेलास. मिसळ तशीच राहिली.

मी असं का बोललो? आधी मी स्वतःला सांगत होतो की तत्त्वाचा प्रश्न होता. कसलं तत्त्व आणि कसलं काय. मला तुझा हेवा वाटला. माझ्याकडे भलामोठा कॅमेरा आहे, पाच लेन्स आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून मी काढलेल्या एकाही फोटोचा मला आनंद झालेला नाही. तू एक खेळणं घेतलंस आणि तुला झाला. एवढंच होतं ते.

पुढचे तीन रविवार तू आला नाहीस. मी फोन केला नाही. तूही केला नाहीस. साटम म्हणायचा, एक फोन कर. मी म्हणायचो, त्याने रुसायचं आणि मी मनवायचं, आपण काय कॉलेजात आहोत?

आणि मग तो गुरुवार. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

दुपारचे साडेतीन. माधुरी तिच्या बहिणीकडे डोंबिवलीला गेलेली. मी गिरगावातल्या घरात एकटा, पेपर वाचत पडलेला. बेल वाजली. मी दारापाशी आलो आणि सवयीने दारातल्या भिंगाला डोळा लावला. बाहेर तू. निळ्या चौकड्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. तीन जिने चढून आल्यामुळे तुला धाप लागली होती, एक हात कठड्यावर होता.

माझा हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. मनात आलं, आला ना शेवटी, आता थोडं थांबू दे. तू पुन्हा बेल वाजवलीस. मी श्वास रोखून उभा. दुसऱ्यांदा वाजवूनही उघडलं नाही, तर आता उघडून सांगणार काय, झोपलो होतो म्हणून? एकेक सेकंद जात होता तसं उघडणं जास्तच अवघड होत होतं.

मग तू पिशवीतून कॅमेरा काढलास, डोळ्याला लावलास आणि सरळ दारावर, म्हणजे सरळ माझ्यावर रोखलास. लिव्हरचा कर्र असा आवाज आला, मग टक. कॅमेरा खाली करून तू क्षणभर दाराकडे बघितलंस. तुझा चेहरा त्या भिंगातून वाकडातिकडा दिसत होता, त्यामुळे तू हसत होतास की काय, ते मला कळलं नाही. मग तू गेलास. तुझी पावलं मी तळमजल्यापर्यंत ऐकली. हळूहळू उतरत होतास.

मी ठरवलं, रविवारी स्वतःहून जायचं, सगळ्यांसमोर माफी मागायची. शनिवारी सकाळी साटमचा फोन आला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे, दिग्या. मी आत आहे हे तुला माहीत होतं का? घरी कोणी नाही असं समजून तू परत गेला असशील, तर ठीक आहे, माणूस कधी घरी असतो, कधी नसतो. पण मी दाराआड उभा आहे आणि उघडत नाही, हे समजून तू ते तीन जिने उतरला असशील, तर मग मी काय करू? मी बाहेर जिन्यावर जाऊन, तू उभा होतास तिथे उभा राहून पाहिलं. माझ्या चपला आत असतात. टीव्ही बंद होता. पंख्याचा आवाज बाहेर येत नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की तुला कळणं शक्यच नव्हतं. हे मी दिवसातून दहादा ठरवायचो, यावरून काय ते समज.

तेराव्याला शैलावहिनींनी तुझी कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "भावोजी, ह्यांचा कॅमेरा. चौतीस झालेत, दोन राहिलेत. ते संपल्याशिवाय काही दिसत नाही म्हणायचे. तुम्ही संपवा. मला बघायचेत." नाही कसं म्हणणार? मी पिशवी घेतली आणि जळता निखारा आणावा तशी घरी आणली.

तर तेराव्यानंतरच्या त्या रविवारचा वाद हा होता. केतकी म्हणाली, "त्यात काय, काका! कार्ड काढून लॅपटॉपला लावा, दोन मिनिटांत सगळे दिसतील." मी ताडकन म्हणालो, "अजिबात नाही. रोल आहे तो. रोल मधेच उघडत नाहीत." केतकी माझ्याकडे बघतच राहिली. साटमने चहाचा कप खाली ठेवला. "कालपर्यंत तू त्याका नाटक म्हणत होतंस." मी म्हटलं, दिगूचा रोल आहे, दिगूच्या नियमाने संपेल. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. साटमने तर माझा हात दाबला. मग शेवटचे दोन कशाचे काढायचे यावर तासभर चर्चा झाली. केतकीचं म्हणणं, एक लालबागचा, त्यांच्या बिल्डिंगचा. साटमचं म्हणणं, एक वहिनींचा. मी मान डोलवत होतो. तुझी बाजू इतक्या तावातावाने मी तू असताना कधीच मांडली नव्हती, आणि आता मांडली तीसुद्धा स्वतःची कातडी वाचवायला.

कॅमेरा मी कपाटात ठेवला, माझ्या शर्टांखाली. रोज एकदा काढून तो आकडा बघायचो. चौतीस. दुपारी साडेतीनच्या सुमारास माझं घरात कुठेही लक्ष लागत नाही. कोणीतरी जिना चढत येतंय असं वाटतं, आमच्या मजल्यावर थांबतंय असं वाटतं. एकदा खरंच बेल वाजली. कुरियरवाला होता, पण भिंगाला डोळा लावायची माझी हिंमत झाली नाही. माधुरीने उघडलं. "तुम्ही दारात उभे राहून काय करताय?" ती म्हणाली. एकदा मला स्वयंपाकघरातून तो कर्र आवाज आला आणि माझ्या हातातला पेला पडला. माधुरी कॅनचं झाकण उघडत होती. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण तू त्या जिन्यावर अजून उभा आहेस आणि मी अजून उघडलेलं नाही, असं मला रोज वाटतं.

महिना होत आला तेव्हा वहिनींचा फोन आला. "संपले का हो दोन?" मी म्हटलं, चांगला प्रसंग शोधतोय. त्या म्हणाल्या, "प्रसंग कसला शोधताय? या रविवारी दुपारी इकडे या, घेऊनच या." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

लालबागला आलो. तुमच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधलं ते एकोणिसाव्या मजल्यावरचं घर. तू म्हणायचास, एवढ्या उंचीवर गणपतीचा ढोलसुद्धा शेजारच्या टीव्हीतून आल्यासारखा वाटतो. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकायला आत गेल्या. मी सोफ्यावर बसलो. पिशवीतून कॅमेरा काढला. आज काय सांगून पुढे ढकलायचं याचा विचार करत होतो.

आणि माझ्या हाताने घात केला. तुला सांगतो, मी केलं नाही, हाताने केलं. आपण नवीन रोल भरला की काय करायचो? झाकण लावताना फिल्मच्या पट्टीवर उजेड पडलेला असायचा, म्हणून पहिले दोन जमिनीकडे धरून फुकट मारायचे. लिव्हर ओढ, टक. लिव्हर ओढ, टक. दोन कोरे. मग खरा फोटो. आयुष्यभर कॅमेरा हातात आला की अंगठा आपोआप तेच करत आलाय. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला लिव्हरच नाही, म्हणून ती सवय मेली असं मी समजत होतो. ह्याला लिव्हर होता. कर्र, टक. कर्र, टक. मी समोरच्या भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत होतो. खाली पाहिलं तेव्हा खिडकीत छत्तीस होते.

मागचा पडदा आपोआप उजळला. त्यावर एक बारीक रेघ हळूहळू भरत जायला लागली, रोल धुतला जातोय असं दाखवणारी. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "संपवलेत ना!" त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मग आम्ही दोघांनी तुझा रोल बघितला. काय काय काढलं होतंस रे! भायखळ्याच्या बाजारात फ्लॉवरच्या पाल्याच्या ढिगावर झोपलेलं मांजर. भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर, गुडघ्यावर फाइल ठेवून डबा खाणारा वकील. साटमचे हात, स्क्रू डोळ्यांजवळ धरलेला. खिडकीत केस वाळवणाऱ्या वहिनी, पाठमोऱ्या. "मला सांगितलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या आणि नाक ओढलं. आणि आठव्या फोटोत मी होतो. दादरच्या हॉटेलात, त्याच रविवारी, बोट वर करून काहीतरी ठासून सांगताना, तोंडात पाव; कधी टिपलास ते मला कळलंही नव्हतं. वहिनी इतक्या हसल्या की चहा सांडला. "हे अगदी तुम्हीच, भावोजी." मलाही हसू आलं. हात हलला होता तुझा, पण फोटो चांगला होता. सगळेच चांगले होते, दिग्या. मी एकेक पुढे सरकवत होतो आणि आकडा तिशीच्या पुढे जात होता.

तेहतिसावा. एक बंद दार. पितळी पाटी, त्यावर माझं नाव. जिन्यावर नेहमीचा अंधार, आणि दाराच्या मधोमध, भिंगाच्या जागी, उजेडाचा एक पांढरा ठिपका. आमच्या हॉलची खिडकी दारासमोरच येते, तिचा उजेड. हा तू बेल वाजवायच्या आधीच काढला असणार, मला त्याचा पत्ताच नव्हता.

चौतिसावा. तेच दार, तीच पाटी. ठिपका काळा.

एवढी वर्षं भिंगांशी खेळलो, आणि मागे डोळा आला की पुढून दिसणारा उजेड जातो, एवढं मला सुचलं नव्हतं. तुला तिथल्या तिथे दिसलं. म्हणूनच तू कॅमेरा काढलास. तू दाराचा फोटो काढलाच नव्हतास.

"हे तुमचंच दार ना?" वहिनींनी विचारलं.

"हो. वहिनी, त्या दिवशी मी आत होतो. दिगू आला होता. मी त्याला बघितलं. उघडलं नाही."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "घरी येऊन म्हणाले मला. नंद्या आत होता, भिंगाला डोळा लावून उभा होता, चोरासारखा. त्याचाच फोटो काढून आलोय."

"रागावला होता?"

"रागावले होते ना. तर काय! जेवेपर्यंत बडबडत होते. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं."

"मग तुम्ही मला एवढे दिवस काहीच बोलला नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." त्यांनी माझ्या हातातला गार झालेला कप घेऊन खाली ठेवला. "शुक्रवारी साटमभावोजींनी फोनवर विचारलं, फोटो झाले का सगळे? तर त्यांना म्हणाले, दोन मुद्दाम ठेवलेत. रविवारी येतोय मी. मग फोन ठेवून मला म्हणाले, शेवटचे दोन नंद्याचेच काढणार, एक रुसलेला आणि एक हसताना. म्हणजे रोल तिथल्या तिथे धुतला जाईल, आणि दाराआडचा चोर सगळ्यांसमोर बाहेर येईल. तेवढ्यासाठी मला नवीन रुमालही काढून ठेवायला सांगितला होता."

वहिनी जवळ सरकल्या, डोळे पुसून चष्मा पुन्हा नीट लावला, आणि पडद्याकडे वाकून म्हणाल्या, "आता ते शेवटचे दोन दाखवा. तुम्ही कशाचे काढलेत बघू."

मी दाखवले. तुझ्या घरची पांढरी फरशी, कोपऱ्यात माझ्या पायाचा अंगठा. आणि पुन्हा फरशी, पुन्हा अंगठा.

"हे काय हो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, वहिनी," मी म्हटलं. "कोरे गेले."